लिफ्ट केलेली हायलक्स जुन्या गॅरेजमध्ये घालायचीये? उंची दारात नको, उतारावर मोजा

आधी प्रश्न थोडक्यात परत मांडतो. इंदूरच्या लोकमान्य नगरमधलं वडिलांनी बांधलेलं घर, गॅरेज मारुती ८०० च्या काळातलं, शटरची उंची ७ फूट, रुंदी साडेआठ फूट, आत १० फूट रुंद आणि १८ फूट खोल, वर पहिला मजला, समोर २० फुटांची गल्ली. आता घरात टोयोटाची हायलक्स पिकअप आलीये, १७ इंची रिमवाली. तिला २ इंचाचा लिफ्ट (सस्पेन्शन उंच करणारं किट), २८५/७० आर १७ चे टायर आणि वर रूफ रॅक लावायचाय. वर्कशॉपवाला म्हणतो सगळं मिळून गाडी साडेसहा फुटांच्या थोडी वर जाईल, शटर सात फुटांचं आहे, मग टेन्शन कशाला घेता. आणि त्याच प्रश्नात एक गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात, की रस्ता पुन्हा पुन्हा सिमेंटचा झाल्यामुळे वर आलाय, गॅरेजची फरशी आता रस्त्यापेक्षा ९ इंच खाली आहे, आणि गेट ते शटर जे १० फूट अंगण आहे त्यातले शटरजवळचे ५ फूट उतार आहे.

सगळी मेख त्या उतारात आहे. मी इंदूरमध्ये घरबांधणीची आणि दुरुस्तीची कामं घेतो, स्वतः लिफ्ट केलेली इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप चालवतो, त्यामुळे या विषयात मला गाडीवाल्याची बाजू पण कळते आणि गवंड्याची पण. जुन्या कॉलन्यांमध्ये हे असंच आहे, घर तिथंच राहिलं आणि रस्ता वर आला, आणि गॅरेज खड्ड्यात गेलं. छोट्या गाडीला फरक पडत नाही. उंच गाडीला पडतो, आणि तो टेपने दारात उंची मोजून कळत नाही.

पहिले सपाट जमिनीवरचा हिशोब करू. कंपनीच्या कागदावर हायलक्सची उंची १८१५ मिमी, लांबी ५३२५, रुंदी १८५५, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) ३०८५. लिफ्टचे ५० मिमी धरा. टायरचं गणित बरेच लोक चुकवतात, ते पूर्ण व्यासाचा फरक उंचीत मिळवतात. तुमचा मूळ टायर २६५/६५ आर १७, त्याचा व्यास साधारण ७७६ मिमी येतो, नवा २८५/७० आर १७ साधारण ८३१. फरक ५५, पण गाडी वर जाते त्याच्या अर्ध्यानेच, म्हणजे २७ मिमी, कारण अर्धा फरक एक्सलच्या खाली असतो आणि अर्धा वर. तर १८१५ अधिक ५० अधिक २७ म्हणजे १८९२. त्यावर रॅक, तो पायांसकट ११० मिमी धरू. झाले २००२ मिमी. वर्कशॉपवाला बरोबरच बोलला, साडेसहा फुटांच्या जरा वर.

शटर ७ फूट म्हणजे २१३४ मिमी. पण शटर पूर्ण उघडल्यावर खाली उभं राहून वर बघा. खालची जाड पट्टी, जिला हँडल आणि कुलपाची कडी असते, ती लिंटेलच्या, म्हणजे शटरवरच्या आडव्या काँक्रीटच्या पट्टीच्या, खाली लोंबत असते. जुन्या शटरांमध्ये अडीच-तीन इंच तरी असतेच. ७५ मिमी धरा. म्हणजे खरी मोकळी उंची २०५९. तरीही कागदावर ५७ मिमी शिल्लक राहतात, सव्वादोन इंच. सपाट जमीन असती तर मी म्हटलं असतं, टाइट आहे पण जाईल.

आता उतार. ९ इंचाची घसरण ५ फुटांत, म्हणजे १५ टक्के उतार, आणि तो संपतो कुठे तर बरोब्बर शटरच्या खाली. गाडी आत जाताना एक क्षण असा येतो की पुढची चाकं गॅरेजच्या सपाट फरशीवर उतरलेली असतात आणि मागची चाकं अजून वर, उताराच्या डोक्याशी. तेव्हा गाडीचा मधला भाग त्या खोलगट सांध्यावर पूल टाकल्यासारखा वर उचललेला असतो. चाकाखाली जमीन आहे पण पोटाखाली नेहमीपेक्षा जास्त जागा आहे, आणि पोट जितकं वर गेलं तितकंच टप पण वर गेलं. डबल कॅब पिकअपचं टप आणि त्यावरचा रॅक नेमका दोन्ही एक्सलच्या मधल्या पट्ट्यात येतो, म्हणजे सगळ्यात जास्त उचललेली जागा आणि सगळ्यात उंच जागा एकच, आणि ती त्या वेळी थेट लिंटेलखाली असते.

किती उचलली जाते याचं गणित सोपं आहे. व्हीलबेस गुणिले उतार, भागिले चार. ३०८५ गुणिले ०.१५ भागिले ४, म्हणजे सुमारे ११५ मिमी. साडेचार इंच! तुमच्याकडे शिल्लक होते ५७. म्हणजे रॅक त्या शटरच्या पट्टीला जवळपास ५८ मिमीने धडकणार, आणि धडकणार ते गाडी अर्धी आत गेल्यावर, जेव्हा समोरून बघणाऱ्याला वाटत असतं की पुढचा काचेचा भाग तर आरामात गेला, या या, येऊ द्या. माझ्या डोळ्यांदेखत एका ठिकाणी असंच रॅकचा पुढचा आडवा पाइप शटरच्या पट्टीत अडकला, आणि ड्रायव्हरने घाबरून रिव्हर्स मारल्यावर पट्टी पण वाकली आणि रॅकचे पाय टपात रुतले, पत्र्याला चार खळगे. म्हणून सांगतो, अडकली तर ॲक्सिलरेटरला हात-पाय लावायचा नाही, बंद करा, मागच्या डाल्यात (सामानाच्या उघड्या भागात) चार-पाच माणसं बसवा किंवा टायरची हवा थोडी कमी करा, आणि मग इंचाइंचाने काढा.

कोणी म्हणेल की मग रोजच हवा कमी करून घालू. नको. हवा काढून एखाद-दीड सेंटिमीटर मिळतो, त्यात टायरची वाट लागते, आणि रोज कंप्रेसर कोण लावणार. ते फक्त अडकल्यावरचं औषध.

अजून एक, किटवर २ इंच लिहिलंय म्हणून २ इंचच वर जाईल असं धरून चालू नका. नवीन पाटे (मागच्या स्प्रिंगा) कडक असतात, डाला रिकामा असला की मागून जास्त उभी राहते, काही दिवस चालल्यावर थोडी बसते. म्हणून खरी मोजणी करायची तेव्हा डाला रिकामा, टाकी अर्ध्याच्या खाली, हवा कंपनीने सांगितली तेवढी. म्हणजे गाडी जास्तीत जास्त उंच असतानाची उंची मिळते. भरलेली गाडी मोजाल तर नंतर रिकामी अडकेल. मोजायला गवंड्याची ॲल्युमिनियमची लांब फंटी घ्या, रॅकच्या सगळ्यात उंच जागेवर आडवी ठेवा, तिच्यावर लेव्हल ठेवून बुडबुडा मध्ये आणा, आणि फंटीच्या टोकाला ओळंबा सोडून जमिनीपर्यंत दोरी मोजा. नुसती टेप गाडीला चिकटवून वर धरली की ती तिरकी होते आणि एक-दोन सेंटिमीटर इकडे तिकडे होतात, आणि इथे आपण सेंटिमीटरसाठीच भांडतोय.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. किट, टायर, रॅक यातलं काहीही विकत घेण्याआधी हे करून बघा. सध्या गाडी स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी आहे ना, १८१५. होणार आहे २००२. फरक १८७ मिमी. सियागंजमधून किंवा कुठल्याही पॅकिंगवाल्याकडून थर्मोकोलच्या शीट आणा, एकावर एक चिकटवून १८७ मिमी जाडीचा ठोकळा करा, रॅक जितका लांब-रुंद असेल साधारण तितका, आणि टपावर जिथे रॅक येणार तिथे मास्किंग टेपने पक्का बसवा. व्हीलबेस तोच आहे, उतार तोच आहे, म्हणजे तुमची भविष्यातली गाडी तयार झाली. मग एक माणूस शटरच्या बाजूला भिंतीला टेकून उभा करा, गाडीच्या मागे किंवा पुढे नाही, बाजूला, आणि पहिल्या गिअरमध्ये हळूहळू आत घ्या. लो रेंज आहे ना, तीच लावा. थर्मोकोलवर पट्टीचा चरा उमटला की किती खोल उमटला ते मोजा. त्या चऱ्याच्या खोलीने तुम्हाला सांगितलं की किती मिमी कमी पडतायत. माझं ११५ चं गणित तुमच्या उताराच्या खऱ्या आकारावर थोडं इकडे तिकडे होऊ शकतं, कारण कोबा कधी सरळ रेषेत ओतलेला नसतो, पण थर्मोकोल चुकत नाही. मग तसाच रिव्हर्समध्येही करून बघा.

हे झालं की मग उपाय. माझा क्रम ठरलेला आहे: आधी गाडीवरचं जे सुटं आहे ते, मग उतार, मग शटर. भिंत आणि बीम यांचा नंबरच लावायचा नाही.

गाडीवरचं म्हणजे रॅक. ११० मिमीचा रॅक लागतोच का? टपाला चिकटून बसणारे खालच्या उंचीचे प्लॅटफॉर्म मिळतात, किंवा रॅक टपाऐवजी मागच्या डाल्यावर घ्या. पिकअपमध्ये ही सोय देवाने दिलीये आणि लोक ती वापरत नाहीत! डाल्यावर फ्रेम टाकून तंबू, जेरीकॅन, फावडं सगळं तिथे ठेवलं तर त्याची उंची कॅबच्या टपाइतकी ठेवता येते, वजन पण खाली राहतं, आणि जानापाव किंवा चोरलच्या घाटात गाडी कमी डोलते. टपावर तंबू लावायचा विचार असेल तर तो आजच सोडा, मिटलेला तंबू एकटाच फूटभर उंची खातो आणि ५०-६० किलो वजन असतं, तो रोज उतरवणार कोण. गॅरेजच्या छताला पुली लावून टांगू म्हणाल तर पंख्याच्या हुकाला टांगायचं नाही, तो हुक पंख्यासाठी आहे. स्लॅबमध्ये नीट अँकर बोल्ट टाकून, इंजिनिअरला दाखवून, तेव्हाच.

उताराकडे येतो, कारण तुमच्या केसमध्ये खरा फायदा इथे आहे. गेट ते शटर १० फूट आहेत, त्यातले पुढचे ५ फूट रस्त्याच्या लेव्हलला सपाट आणि शटरकडचे ५ फूट उतार. हे उलटं झालंय. ज्याने केलं त्याने बाहेर स्कूटर उभी राहावी म्हणून सपाट जागा गेटकडे ठेवली असेल. तुम्ही काय करा, शटरसमोरचे ३ फूट गॅरेजच्या फरशीच्या लेव्हलला सपाट घ्या, आणि उतार उरलेल्या ७ फुटांत पसरवा. त्याने दोन गोष्टी होतात. उतार १५ टक्क्यांवरून पावणेअकरावर येतो, आणि तो खोलगट सांधा लिंटेलच्या खालून निघून ३ फूट बाहेर मोकळ्या आकाशाखाली जातो, तिथे गाडीने हवं तितकं टप उचलावं, वर काही नाहीच. गणित केलं तर लिंटेलखाली वाया जाणारी उंची ११५ वरून ४१ मिमीवर येते. म्हणजे जवळपास तीन इंच परत मिळाले, फक्त अंगण खोदून. ५ फूट सपाट आणि ५ फूट उतार केलात तर अजून कमी, ३० मिमी, पण उतार परत १५ टक्के होतो आणि घरातली छोटी गाडी त्या वरच्या काठावर पोट घासायची, म्हणून मी ३ आणि ७ च्या बाजूने आहे. उतार गेटच्या बाहेर रस्त्यावर काढायचा विचार मात्र करू नका, ती जागा आपली नाही, आणि पुढच्या वेळी रस्ता झाला की तोडून टाकतील ते वेगळं.

खोदताना काय? इंदूरची काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, आणि तिच्यावर सरळ कोबा टाकला की दोन पावसाळ्यांत तो तडकणार. काळी माती निदान फूट-दीड फूट काढा, मुरूम भरा, थराथराने पाणी मारून ठोकून घ्या, मग काँक्रीट. घाईत मिस्त्री मुरूम एकदम भरून वरून एकदाच कुटतो, तसं करू देऊ नका, सहा-सहा इंचाचे थर. आणि कुदळ मारायच्या आधी नळाची लाइन कुठून येते ते बघा, जुन्या घरांत ती अंगणातून जेमतेम वीतभर खोल असते.

मग पाणी. फरशी रस्त्यापेक्षा खाली म्हणजे जून ते सप्टेंबर रस्त्याचं पाणी गॅरेजकडे येणारच. त्या ३ फुटांच्या सपाट पट्ट्यात शटरच्या पुढे आडवी नाली घ्या, पूर्ण रुंदीची, वर लोखंडी जाळी, आणि तिचा निकास पावसाच्या पाण्याच्या लाइनीला किंवा शोषखड्ड्याला. ड्रेनेजच्या चेंबरला जोडू नका, जोराचा पाऊस आला की तिथून उलटं पाणी आत येतं. जाळी अशी घ्या की सव्वादोन टनांची गाडी तिच्यावरून रोज जाणार आहे हे धरून, पातळ पट्टीची नाही, आणि फ्रेमला वेल्ड करू नका, नाहीतर गाळ काढता येणार नाही.

आता एक अशी गोष्ट जी तुम्ही विचारलीच नाही आणि जिची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. हौद. आपल्याकडे नर्मदेचं पाणी बहुतेक भागांत एक दिवसाआड येतं, त्यामुळे प्रत्येक जुन्या घरात जमिनीखाली हौद आहे, आणि जागा कमी म्हणून तो बहुतेक वेळा अंगणात नाहीतर थेट गॅरेजखाली असतो. मारुती ८०० चं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. हायलक्स दोन टनांच्या वर, त्यावर लिफ्ट, मोठे टायर, बंपर, सामान. एकेका पुढच्या चाकावर सहाशे किलोच्या आसपास भार येतो, म्हणजे आख्खी मारुती एका चाकात आली. तो हौदाचा स्लॅब ज्याने टाकला त्याने हे धरलं असेल का?

म्हणून गॅरेजची आणि अंगणाची फरशी हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकत जा, फूट-फूट अंतराने. भरीव जागी ठक ठक कोरडा आवाज येतो, खाली पोकळी असेल तिथे आवाज घुमतो. खडूने हद्द आखा. मग हौद रिकामा करा, झाकण काढून थोडा वेळ मोकळी हवा जाऊ द्या, आणि वरूनच टॉर्चने स्लॅबच्या खालच्या बाजूला बघा. गंजाचे तांबडे ओघळ, सुटलेलं प्लास्टर, उघडी सळई, यातलं काहीही दिसलं तर त्यावर ही गाडी उभी करायची नाही, इंजिनिअरला बोलवायचं. आत उतरायची वेळ आली तर एकट्याने कधीच नाही. आणि झाकण चाकाच्या रेषेत येत असेल तर बदला. बीडाच्या झाकणांना आयएस १७२६ प्रमाणे ग्रेड असतात, हलकं एलडी २.५, मध्यम एमडी १०, जड एचडी २०, झाकणावरच कोरलेलं असतं. घरोघरी लावलेलं असतं ते हलकं, माणसाच्या चालण्यासाठीचं. चाकाखाली निदान एमडी १० आणि त्याची फ्रेम काँक्रीटमध्ये नीट बसवलेली हवी. सेप्टिक टँक असेल तर त्यालाही हेच सगळं लागू, तिथे वायूचा धोका असतो म्हणून डोकं आत घालून बघायचं पण नाही.

शटरचं काम त्या मानाने छोटं. ती लोंबणारी पट्टी वर जाऊ शकते. बहुतेक ठिकाणी दोन्ही बाजूंच्या चॅनलमध्ये किंवा पट्टीलाच वेल्ड केलेला एक स्टॉपर असतो, त्यामुळे ती तिथे थांबते. शटरचा मिस्त्री तो स्टॉपर सरकवून, हँडल बाहेरच्या अंगाला सपाट लावून पट्टी लिंटेलच्या लेव्हलला नेऊ शकतो. मोटर असेल तर लिमिट पुन्हा सेट करावी लागते. हे घरी करू नका, वरच्या ड्रममधल्या स्प्रिंगला प्रचंड पीळ दिलेला असतो आणि तो सुटला तर हात मोडतो. हे झालं की तुमचा हिशोब असा: २१३४ वजा ४१, म्हणजे २०९३ मोकळे, गाडी २००२, शिल्लक ९१ मिमी, साडेतीन इंच. मी कमीत कमी ३ इंच शिल्लक मागतो, कारण गाडी ब्रेकवर डुलते, टायरमध्ये कधी हवा जास्त असते, कधी रॅकवर एखादा पट्टा राहून जातो. म्हणजे रॅक ठेवूनही तुमचं काम होतंय, आणि रॅक डाल्यावर नेलात तर चिंताच मिटली.

आता मिस्त्री तुम्हाला जे सांगेल ते आधीच सांगून ठेवतो. तो म्हणेल, साहेब हा सगळा खटाटोप कशाला, लिंटेलच्या खालून दोन इंच छिलून देतो, अर्ध्या दिवसाचं काम. हात जोडून सांगतो, होऊ देऊ नका. लिंटेल किंवा बीम मध्यभागी खालच्या बाजूने ताणला जातो, म्हणून मुख्य सळया खालीच असतात, काँक्रीटच्या इंचभर आवरणाच्या आत. दोन इंच छिलायचे म्हणजे त्या सळया उघड्या करायच्या, आणि मग त्या मध्ये येतात म्हणून कोणीतरी ग्राइंडर लावून कापायच्या. वरचं छत त्याच सळयांवर आहे. जुन्या घरांत, जिथे कॉलम नसून विटांच्या भिंतींवरच सगळा भार आहे, तिथे तर लिंटेल काढून वर घेणं हे टेकू लावून, स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ड्रॉइंगवरच करायचं काम आहे, आणि तुमच्या वर पहिला मजला आहे म्हणता. तीन इंच अंगणातून मिळत असताना घराच्या हाडाला हात लावायचं काहीच कारण नाही.

गॅरेजची फरशीच खाली घ्यायची कल्पनाही बरेच जण काढतात. तुमच्याकडे ती आधीच रस्त्याच्या खाली आहे, अजून खाली घ्याल तर उतार अजून खडा होतो आणि जे खोदून मिळवलं त्यातलं बरंच त्या सांध्यात परत जातं, शिवाय पाणी. नको.

लांबीचं म्हणाल तर १८ फूट म्हणजे ५४८६, गाडी ५३२५, राहिले १६१ मिमी. सहा इंच. म्हणजे विंचचा बंपर, मागे टो हुक, यातलं काहीही लावलं की शटर लागणार नाही, हे आत्ताच मनात पक्कं करा. पार्किंगच्या नियमांमध्ये एका गाडीला १३.७५ चौरस मीटर धरतात, म्हणजे अडीच बाय साडेपाच मीटर, यावरूनच कळतं की ही गाडी लांबीत अगदी काठावर बसते. मागच्या भिंतीवरची फडताळं, गॅस सिलिंडर, इन्व्हर्टर हे सगळं हलवावं लागेल. फरशीवर रबरी व्हील स्टॉपर बोल्टने बसवा, अंदाजावर राहू नका.

रुंदीत आत १० फूट, म्हणजे ३०४८, गाडी १८५५, बाकी ११९३ मिमी. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, म्हणून गाडीची डावी बाजू भिंतीलगत लावा, गाडीच्या डावीकडे फूटभर, उजवीकडे जवळपास तीन फूट उतरायला. बाकीच्यांनी बाहेरच उतरावं. बाबांना चढाय-उतरायला साइड स्टेप लावाल, ती बाहेर किती येते ते मोजून घ्या. आणि टायरबरोबर रिम बदलत असाल तर ऑफसेट (चाक बोल्टने बसतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती दूर आहे ते) विचारा, तेवढ्याच रुंदीच्या रिमचा ऑफसेट ३० वरून शून्यावर आला तर प्रत्येक बाजूला चाक ३० मिमी बाहेर येतं, आणि शटरच्या चॅनलला पहिलं चाकच घासतं.

गाडी रिव्हर्समध्येच आत घ्या असं माझं मत आहे. हायलक्सची टर्निंग रेडियस ६.४ मीटर आहे, तुमची गल्ली २० फुटांची, समोरून एका वळणात ती गॅरेजला सरळ होणारच नाही, रिव्हर्समध्ये मागची चाकं आधी दारात नेऊन पुढचं तोंड गल्लीत फिरवता येतं. आणि सकाळी निघताना तोंड बाहेर असतं, गल्लीत पोरं खेळत असतात, एवढ्या उंच बॉनेटच्या पुढे लहान मूल दिसत नाही, मागे तर अजिबातच नाही, त्यामुळे निदान समोर बघत, कोणीतरी बाहेर उभं असताना निघता येतं. लिफ्टनंतर कॅमेऱ्याच्या रेषांवर विसंबू नका, कॅमेरा तीन इंच वर गेला की त्या रेषा जमिनीवर वेगळ्या अंतरावर पडतात, आणि सेन्सर वर गेल्यामुळे कुंडी, पायरी, ओटा अशा बुटक्या वस्तू त्यांना दिसेनाशा होऊ शकतात. रिव्हर्समध्ये लावली की सायलेन्सर आतल्या भिंतीकडे असतो, तेव्हा स्टार्ट करून आत चालू ठेवायची नाही, लगेच बाहेर. विशेषतः गॅरेजचं दार घरात उघडत असेल तर.

गेटच्या कमानीला एक आडवा पीव्हीसी पाइप दोन साखळ्यांनी टांगा, मॉलच्या बेसमेंटमध्ये असतो तसा. त्याची उंची गेटच्या उंबऱ्यापासून २०२० मिमी ठेवा. मांडवला जाऊन रात्री दमून परत आलात, रॅकवर सायकल तशीच आहे हे डोक्यातून गेलं, तर आधी तो पाइप टपावर वाजेल. शंभर-दोनशे रुपयांत होतो आणि घरातला दुसरा कोणी गाडी चालवत असेल तर त्याच्यासाठी तर हवाच.

शेवटचं, लिफ्ट आणि टायर बुक करायच्या आधी कागदाचं बघा. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठामपणे सांगितलंय. म्हणून आरटीओत लेखी विचारा, इन्शुरन्स कंपनीलाही लेखी कळवा. नाही म्हणाले तर स्टॉक उंचीची गाडी, थोडे जाड टायर आणि डाल्यावरची फ्रेम, एवढ्यात मालव्यातले बहुतेक कच्चे रस्ते आरामात होतात.

थर्मोकोलची टेस्ट या रविवारी करून घ्या आणि मला चार आकडे सांगा: चरा किती खोल उमटला, शटरची पट्टी लिंटेलच्या खाली नेमकी किती लोंबते, हौद कुठून कुठपर्यंत आहे, आणि गेटच्या उंबऱ्यापासून गॅरेजच्या फरशीची खोली लेव्हल पाइपने मोजून, डावीकडे आणि उजवीकडे वेगवेगळी, कारण जुन्या फरशा एका बाजूला कललेल्या असतात आणि मग ज्या बाजूला फरशी उंच त्या बाजूला गाडीचं टप वर येतं. त्यावरून उताराचं नीट मोजमाप लिहून देतो, मिस्त्रीच्या हातात तेच द्या.